दिवा जुना, तेल नवे

दिवा आणि तेल यांचे आयुष्य सारखे नसते. पितळेची समई तीन पिढ्या टिकते आणि तेल रोज घालावे लागते. तरी ह्या विषमतेचे घरातील कोणासही कधी आश्चर्य वाटत नाही. तिळाचे तेल संपले तर शेंगदाण्याचे घालू, तेही नसले तर तूप घालू. समईची त्यास हरकत नसते. कंदिलाची गोष्ट मात्र निराळी. कंदील हा रॉकेलासाठीच घडलेला असतो. त्यात करडईचे तेल ओतून पाहावे, म्हणजे वात थोडा वेळ फुरफुरते, काजळी धरते आणि विझते. कारण ते घट्ट तेल त्या उंच वातीतून वर चढतच नाही. टाकीत तेल मावले, झाकण बसले, एवढ्यावरून ते दिव्याला जुळले असे होत नाही. हा धडा वर्ध्याच्या मंडळींनी आमच्या आजोबांच्या पिढीतच गिरवला होता. आम्हांस मात्र तो एका जुन्या कॅमेऱ्याने शिकवला, आणि त्याची फी जरा जड घेतली.

आमच्या वडिलांनी हौसेने घेतलेला मिनोल्टा कंपनीचा एस. आर.–टी. १०१ हा कॅमेरा त्यांच्या पश्चात पुष्कळ वर्षे ट्रंकेत पडून होता. काही वर्षांपूर्वी आम्ही तो बाहेर काढला. भिंगास बुरशी नव्हती, झडप पूर्वीसारखीच खणखणीत वाजत होती. बंद होता तो फक्त आतील प्रकाशमापकाचा काटा. तळाचे वाटोळे झाकण फिरवून पाहिले तेव्हा आत एक काळवंडलेला बटणाएवढा सेल निघाला. तो घेऊन आम्ही एका दुकानात गेलो. दुकानदाराने तसाच, त्याच घेराचा, त्याच जाडीचा नवा सेल काढून दिला. तो खाचेत चपखल बसला, काटा टुणकन उडाला, आणि वडिलांचा कॅमेरा पुन्हा जिवंत झाल्याच्या आनंदात आम्ही मातोश्रींना घेऊन सेवाग्रामास गेलो. त्यांना ऐंशीवे लागले होते. आश्रमाच्या प्रार्थनाभूमीशेजारी, झाडाच्या सावलीत, त्या सूत काढीत बसल्या. काट्याने सांगितले त्याप्रमाणे आम्ही सबंध रोल संपविला. नागपुरास तो धुऊन आणला, तो बहुतेक पट्टी काचेसारखी पारदर्शक! ज्यांना छायाचित्रणाची माहिती आहे त्यांना ह्याचा अर्थ सांगावयास नको. फिल्मवर उजेड फार कमी पडला होता. पुढच्या चैत्रात मातोश्री गेल्या, आणि त्या दिवसाची दुरुस्ती करण्याचा प्रश्नच उरला नाही.

चूक कोठे झाली, हे शोधू लागलो तेव्हा त्या एका सेलाच्या मागे दुसरे महायुद्ध, जपानातील एक उपसागर आणि आमच्याच गावची मगनवाडी एवढा मोठा इतिहास उभा असलेला दिसला. तो आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. ज्यांच्या कपाटात असा एखादा कॅमेरा पडून असेल त्यांस त्याचा व्यवहारातही उपयोग होईल.

ज्या आवारात आमची फजिती झाली त्याच आवारात ऐंशी-पंचाऐंशी वर्षांपूर्वी एक तरुण कोणत्याही सेलाच्या साहाय्यावाचून रोज छायाचित्रे घेत होता, ही गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे. महात्माजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावी राहावयास गेले. ह्याच गावाचे नाव पुढे १९४० मध्ये सेवाग्राम झाले. त्यांचे पुतणे नारणदास गांधी यांचे चिरंजीव कनू गांधी हे त्यांच्या परिवारात होते. ह्या तरुणास कॅमेऱ्याचा नाद लागला. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांतून रोलायफ्लेक्स कॅमेरा आला. गांधीजींनी परवानगी दिली, ती तीन अटींवर : फ्लॅशचा दिवा लावावयाचा नाही, ‘असे बसा, इकडे पाहा’ असे म्हणावयाचे नाही, आणि ह्या नादाचा खर्च आश्रमाने सोसावयाचा नाही.

पहिली अट किती कठीण होती, हे बापूकुटीत जाऊन उभे राहिल्यावर कळते. मातीच्या भिंती, बांबूंचे काम, खाली आलेले छप्पर. बाहेर वैशाखाचे ऊन डोळे दिपवीत असते आणि आत पाऊल टाकताच क्षणभर काही दिसत नाही. बाहेरच्या व आतल्या उजेडात शेकडो पटींचे अंतर असते, आणि माणसाचा डोळा इतका मनमिळाऊ की दोन मिनिटांत त्या अंतराचा त्यास विसर पडतो. फिल्मला असा विसर पडत नाही. त्या काळच्या फिल्मची ग्रहणशक्तीही आजच्या मानाने मंद होती. रोलायफ्लेक्सचा एक रोल म्हणजे बारा चित्रे; त्यांपैकी एक वाया गेले तरी ते खिशाला कळावयाचे. अशा स्थितीत कनू गांधींनी जे साधले ते डोळ्याच्या अभ्यासाने साधले. त्यांच्या कित्येक चित्रांत कोठे हललेला हात, कोठे पुढच्या माणसाची धूसर पाठ दिसते. पण उजेडाचा हिशेब सामान्यतः चुकलेला नसतो. ज्याला तीच खोली रोज, सर्व ऋतूंत पाहावयास मिळते त्याला त्या खोलीचा उजेड गायकाला स्वर कळावा तसा कळू लागतो.

ह्याच्या उलट बाजूचाही एक प्रसंग प्रसिद्ध आहे. १९४६ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट ह्या बाई पुण्यास डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात गांधीजींचे छायाचित्र घेण्यास आल्या. आधी चरखा शिका, असे त्यांना सांगण्यात आले. आणि मोठ्या मिनतवारीने फ्लॅशचे तीन दिवे उडविण्याची मुभा मिळाली. त्यांपैकी दोन फुकट गेले, तिसऱ्याने काम साधले, आणि चरख्यामागे बसून वाचणाऱ्या गांधीजींचे ते जगप्रसिद्ध चित्र निघाले. एकीकडे जगातील उत्तमोत्तम सामग्री, तीन संधी आणि दोन अपयशे. दुसरीकडे एक कॅमेरा, दहा वर्षे आणि तोच तो परिचित उजेड. दोन्ही मार्गांनी चांगली चित्रे निघाली, हे कबूल केले पाहिजे. परंतु यंत्र जितके बाहेरच्या साहाय्यावर टेकते तितके ते त्या साहाय्याच्या लहरीवर चालते, ही गोष्ट दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले म्हणजे स्पष्ट होते.

उजेड मोजण्याची यंत्रे त्यापूर्वीही होती. १८९० च्या सुमारास आल्फ्रेड वॅटकिन्स ह्या इंग्रज गृहस्थाने काढलेल्या मापकात प्रकाशाने काळवंडणाऱ्या कागदाचा तुकडा असे. तो ठराविक छटेस येण्यास किती सेकंद लागतात हे मोजून उजेडाचा अंदाज करीत. पुढे १९३२ मध्ये अमेरिकेतील वेस्टन कंपनीने सेलेनियमचा प्रकाशमापक बाजारात आणला. सेलेनियमचा गुण असा की त्यावर उजेड पडला की त्यात आपोआप बारीकसा विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो व त्या प्रवाहाने काटा हलतो. येथे तेल वेगळे घालावेच लागत नाही. जो उजेड मोजावयाचा तोच यंत्र चालवितो. ह्याहून स्वावलंबी योजना कल्पिता यावयाची नाही. तिचे व्यंग एकच. उजेड मंद झाला की प्रवाहही मंद होतो, आणि जेथे मापकाची खरी गरज तेथेच तो मुका बसतो. बापूकुटीच्या कोपऱ्यात तो फारसा कामाचा नव्हता.

हे व्यंग दूर करण्यासाठी १९६० नंतरच्या दशकात कॅडमियम सल्फाइडचा उपयोग सुरू झाला. हा पदार्थ स्वतः वीज निर्माण करीत नाही; उजेड पडला की वीज वाहू देतो, अंधार झाला की अडवितो. तो तांदळाच्या दाण्याएवढा केला तरी चालतो आणि मिणमिणत्या उजेडातही काम करतो. मात्र त्याच्यातून वाहण्यासाठी वीज बाहेरून पुरवावी लागते. म्हणून कॅमेऱ्याच्या पोटात सेल आला. स्वावलंबन गेले आणि त्याच्या बदली सूक्ष्म दृष्टी मिळाली.

आता हा सेल कोणता घ्यावा? प्रवाह उजेडावर जसा अवलंबून, तसाच सेलाच्या दाबावरही. दाब वाढला तर उजेड न वाढताही काटा वर चढणार. तेव्हा ज्याचा दाब पहिल्या दिवसापासून अखेरच्या दिवसापर्यंत बदलत नाही असा सेल पाहिजे होता, आणि तसा एक तयारच होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याचे विजेरी साहित्य उष्ण प्रदेशांत दगा देऊ लागले. नेहमीचे जस्त-कार्बनचे सेल तेथील उष्म्याने वापरण्यापूर्वीच मरून जात. तेव्हा सॅम्युएल रूबेन ह्या संशोधकाने मॅलरी कंपनीच्या साहाय्याने पाऱ्याच्या ऑक्साइडचा आणि जस्ताचा सेल सिद्ध केला. हीच कंपनी पुढे ड्युरासेल ह्या नावाने घरोघर पोचली. ह्या सेलाचा दाब १.३५ व्होल्ट, आणि तो जवळजवळ शेवटपर्यंत १.३५ च राही. मग एकाएकी संपे. जणू एखादा जुना प्रामाणिक नोकर, जो शेवटच्या दिवसापर्यंत वेळेवर येतो आणि दुसऱ्या दिवशी येतच नाही.

कॅमेरा करणारांनी ह्या प्रामाणिकपणावर सगळा भार टाकला. सेलच जर दाब बदलत नाही तर दाब स्थिर ठेवण्याची वेगळी योजना कॅमेऱ्यात कशाला घाला? म्हणून १९६६ च्या मिनोल्टा एस. आर.–टी. १०१ मध्ये, तसेच १९७२ च्या ऑलिंपस ओ. एम.–१ मध्ये आणि त्या काळच्या अनेक कॅमेऱ्यांत हा ‘६२५’ क्रमांकाचा पाऱ्याचा सेल गृहीत धरूनच सर्व गणित बसविलेले आहे. काही थोड्या कंपन्यांनी मात्र दूरदृष्टी दाखविली. १९६४ च्या पेंटॅक्स स्पॉटमॅटिकमध्ये तराजूसारखी दोन बाजू तोलणारी विद्युत्‌रचना आहे; दाब वाढला तर दोन्ही पारड्यांत सारखाच वाढतो आणि काटा जागचा हलत नाही. बाकीच्यांनी तराजूऐवजी ताणकाटा पत्करला, आणि ताणकाट्याची स्प्रिंग म्हणजे तो पाऱ्याचा सेल होता.

येथे आपणांस जपानातील मिनामाता ह्या गावी जावे लागते. ह्या समुद्रकाठच्या गावी चिस्सो कंपनीच्या रासायनिक कारखान्याचे सांडपाणी उपसागरात सोडले जाई. त्यातील पाऱ्याचे विषारी संयुग माशांत शिरले आणि माशांतून माणसांत गेले. १९५६ मध्ये रोगाची अधिकृत नोंद झाली. हातपाय वाकडे होणे, दृष्टी जाणे, वाचा जाणे, पोटातील गर्भासही बाधा होणे, अशी त्याची भयंकर लक्षणे होती. तरीही ते पाणी १९६८ पर्यंत समुद्रात जातच राहिले. १९७१ मध्ये अमेरिकन छायाचित्रकार डब्ल्यू. यूजीन स्मिथ आणि त्यांच्या पत्नी आयलीन मिनामातास जाऊन राहिले. १९७२ मध्ये कंपनीच्या लोकांनी स्मिथ यांना बेदम मारले, तरी त्यांनी काम सोडले नाही. न्हाणीघरात आपल्या व्याधिग्रस्त मुलीला हातांवर तोलून धरणाऱ्या मातेचे त्यांचे छायाचित्र ज्याने पाहिले तो ते विसरू शकत नाही.

ही छायाचित्रे स्मिथ यांनी ज्या कॅमेऱ्याने घेतली तो होता मिनोल्टा एस. आर.–टी. १०१. म्हणजे आमच्या वडिलांच्या कॅमेऱ्याचाच भाऊ, आणि पाऱ्याच्या सेलासाठी घडविलेला. पाऱ्याने केलेला अनर्थ जगापुढे मांडणाऱ्या त्या यंत्राच्या पोटात पाऱ्यासाठीच खाच कोरलेली असावी, ह्या योगायोगाने आम्ही स्तब्ध झालो. मिनामाताचे विष सेलातून आलेले नव्हते, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. पण कचऱ्यात फेकलेल्या सेलातील पारा अखेर माती व पाणी यांतच जातो, ही जाणीव जगाला हळूहळू झाली. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात अमेरिकेने आणि युरोपने ह्या सेलांवर बंदी घातली. २०१३ मध्ये पाऱ्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि त्यास मिनामाताचेच नाव देण्यात आले. तो २०१७ मध्ये अमलात आला आणि भारताने त्यास २०१८ मध्ये मान्यता दिली. पाऱ्याच्या सेलांचे उत्पादन व व्यापार थांबविण्यासाठी त्यात २०२० ची मुदत होती. अशा रीतीने ते तेल जगातून गेले, आणि गेले ते योग्यच झाले. ज्यांस जुन्या कॅमेऱ्यांची हळहळ वाटते त्यांनी ते न्हाणीघरातील चित्र एकदा पाहावे. आमचा कॅमेरा आंधळा झाला तो कोणाच्या तरी मुलांचे डोळे वाचावे म्हणून, हे ध्यानात घेतले म्हणजे तक्रारीस जागा राहत नाही.

तक्रार नसली तरी दिव्यात तेल घालावयाचेच आहे. बाजारात आज त्या खाचेसाठी चार तऱ्हेचे उपाय मिळतात. त्यांचा विचार कंदिलाचा दृष्टान्त समोर ठेवून करावा.

पहिला सेल अल्कलाइन जातीचा. ‘६२५ ए’ ह्या नावाने तो मूळ सेलाच्या अगदी बरोबर आकारात मिळतो, आणि हाच आम्हांस भोवला. त्याचा दाब नवा असताना १.५ व्होल्ट असतो आणि वापराबरोबर तो सारखा उतरत जातो. आरंभी काटा उजेड आहे त्याहून अधिक दाखवितो. त्यावर विसंबून आपण छिद्र लहान करतो आणि फिल्म उपाशी राहते. मागाहून आम्ही एका विश्वासू मापकाशी ताडून पाहिले तेव्हा आमच्या कॅमेऱ्यात सावलीतील फरक दीड स्टॉपाहून अधिक निघाला. एक स्टॉप म्हणजे उजेडाची निमपट. तेव्हा मातोश्रींच्या चेहऱ्यावरचा दोनतृतीयांश उजेड आम्ही आमच्याच हाताने बाहेर ठेवला होता. बरे, हा फरक कायम असता तर हिशेबात धरता आला असता. पण दाब रोज उतरत असल्यामुळे आजचा हिशेब पुढच्या महिन्यात खोटा ठरतो. शिवाय हा सेल कॅमेऱ्यात विसरला तर झिरपून पितळी पत्र्यास खातो.

दुसरा सेल सिल्व्हर ऑक्साइडचा. एस. आर. ४४ हा त्यांपैकी सर्वत्र मिळणारा. ह्याचा दाब १.५५ व्होल्ट, म्हणजे मुळापेक्षा अधिक. परंतु तो शेवटपर्यंत स्थिर असतो. खोटे बोलणारा, पण रोज एकच खोटे बोलणारा साक्षीदार सत्य शोधण्यास उपयोगी पडतो, तसे ह्याचे आहे. स्पॉटमॅटिकसारख्या तराजूच्या कॅमेऱ्यास हा निर्धास्तपणे घालावा. इतर कॅमेऱ्यांत तसाच घालू नये. कारण पुष्कळदा मंद उजेडातील चूक आणि प्रखर उजेडातील चूक सारखी नसते, आणि फिल्मच्या वेगाची चकती फिरवून केलेली एकच दुरुस्ती सगळीकडे लागू पडत नाही.

तिसरा सेल जस्त आणि हवा यांचा. हा आमच्या विशेष आवडीचा, कारण तो मुळात कॅमेऱ्यासाठी नाहीच. तो बहिऱ्या माणसांच्या श्रवणयंत्रासाठी आहे. ‘६७५’ क्रमांकाचा हा सेल श्रवणयंत्राच्या दुकानात थोड्या पैशांत मिळतो. त्याचा दाब सुमारे १.४ व्होल्ट, म्हणजे मुळाच्या अगदी जवळ, आणि बराच स्थिर. मूळ सेलाचा व्यास सुमारे १६ मिलिमीटर, ह्याचा सुमारे साडेअकरा. म्हणून भोवती रबराचे वा धातूचे कडे घालावे लागते. त्याच्या पाठीवरचा चिकटपट्टीचा तुकडा काढला की बारीक छिद्रांतून हवा आत शिरते आणि तो चालू होतो. पण एकदा चालू झाला की वापरा वा न वापरा, तो काही महिन्यांत संपतो. वैदर्भी वाचकांस एक सूचना अगत्याची आहे. ज्या छिद्रांतून हवा आत येते त्याच छिद्रांतून आतील ओलावा बाहेर जातो. आमच्या एप्रिल-मे महिन्यांच्या कोरड्या उष्म्यात हा सेल अकालीच सुकतो. तेव्हा उन्हाळ्यात त्याची पट्टी लग्नकार्याच्या आदल्या दिवशीच काढावी, महिनाभर आधी नव्हे.

चौथा उपाय सेलाचा नसून कड्याचा आहे. मूळ सेलाच्या आकाराचे एक धातूचे कडे मिळते. त्यात सिल्व्हर ऑक्साइडचा लहान सेल बसतो आणि कड्यातच शॉट्की डायोड नावाचा बारीक भाग बसविलेला असतो. तो दाब सुमारे ०.२ व्होल्टने उतरवितो. १.५५ मधून ०.२ गेले म्हणजे उरले १.३५! कडे एकदा विकत घेतले की सेल तेवढा बदलावा लागतो. ज्यांचा कॅमेरा नित्य वापरात आहे, विशेषतः जे रंगीत पारदर्शिका काढतात, त्यांस हा उपाय उत्तम. कारण पारदर्शिकेस अर्ध्या स्टॉपाची चूकही सोसत नाही. काळ्यापांढऱ्या फिल्मचे पोट मोठे असते. तिला थोडा जास्त उजेड चालतो, कमी मात्र चालत नाही.

कोणताही सेल घातला तरी रोल घालण्यापूर्वी कॅमेरा एकदा भर उन्हात, एकदा ओसरीवर आणि एकदा माजघरात नेऊन भरवशाच्या मापकाशी ताडून पाहावा. तसा मापक जवळ नसेल तर निरभ्र दुपारी जुना नियम आठवावा : छिद्र १६ आणि झडपेचा वेग फिल्मच्या अंकाइतका, म्हणजे १०० अंकाच्या फिल्मला सेकंदाचा शंभरावा भाग. काम झाल्यावर सेल काढून ठेवावा. तो लहान मुलांच्या हाती कदापि लागू देऊ नये, आणि गिळल्याची नुसती शंका आली तरी तडक रुग्णालय गाठावे.

एवढे तांत्रिक विवेचन केल्यावर पुन्हा वर्ध्यास येऊ. १९३४ च्या डिसेंबरात येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. मगनवाडी हे त्याचे ठाणे आणि जे. सी. कुमारप्पा हे त्याचे चिटणीस. त्यांच्यापुढे जे अनेक प्रश्न होते त्यांत एक दिव्याचा होता. खेड्यातून तेलबिया निघतात, घाणा तेथेच आहे, आणि तरी खेडूत दिवे लावतो ते विकतच्या रॉकेलावर. संघाने त्याला समईकडे परत जा असे सांगितले नाही. खाद्य तेलावर जळेल असा कंदील तयार केला आणि त्यास ‘मगन दीप’ असे नाव दिले. कंदिलाची सोय ठेवावयाची, वाऱ्यात न विझण्याचा गुण ठेवावयाचा आणि तेल मात्र आपल्या गावचे घालावयाचे, असा हा विचार होता. त्यासाठी तेलाचा स्वभाव ओळखून दिव्यात फेरफार करावा लागला. डायोडचे ते कडे म्हणजे ह्याच विचाराचे धाकटे भावंड नव्हे काय?

खनिजांचा साठा उपसून चालणारा व्यवहार आणि निसर्गाच्या वाहत्या देणगीवर चालणारा व्यवहार यांत कुमारप्पा भेद करीत, आणि पहिल्यावर उभारलेले जीवन टिकाऊ नव्हे असे बजावीत. १९४५ च्या त्यांच्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ ह्या ग्रंथाचा रोखही हाच आहे. त्याच्याही आधी, १९२९ मध्ये, अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले होते. त्याच्या अटींत सुताच्या लांबीबरोबर एक अट अशीही होती की यंत्र निदान वीस वर्षे न अडता चालावे आणि त्याच्या देखभालीचा वार्षिक खर्च किमतीच्या शेकडा पाचांहून अधिक होऊ नये. यंत्र किती काम देते हे सगळेच विचारतात. वीस वर्षांनी ते कशावर चालेल, हे विचारणारी मंडळी थोडी.

ह्यावरून जुन्या काळात सर्व स्वावलंबन होते असे आम्ही म्हणत नाही. कनू गांधींची फिल्म परदेशातूनच येत होती. ती बंद झाली असती तर त्यांचा डोळा कितीही तयार असून उपयोग नव्हता. परावलंबनापासून कोणतेच यंत्र मुक्त नाही. परंतु परावलंबनातही प्रकार आहेत. त्याच काळच्या याशिका इलेक्ट्रो ३५ ह्या कॅमेऱ्याची झडपच विजेवर चालते. सेल नसला तर ती एकाच वेगाने, सेकंदाच्या पाचशेव्या भागात, उघडमीट करते आणि बाकी सर्व वेग निरुपयोगी होतात. आमच्या मिनोल्टाची झडप स्प्रिंगांवर चालते. सेल काढला तरी तिचे सर्व वेग शाबूत राहतात. जाते ती केवळ सल्लागाराची वाणी. सल्लागार गेला असता जो अडून बसतो आणि जो आपल्या डोळ्यांनी पाहू लागतो, त्या दोघांत जे अंतर, तेच ह्या दोन यंत्रांत आहे. आणि आमची खरी चूक खोटा सल्ला मिळाला ही नसून, प्रार्थनाभूमीवरच्या त्या सावलीकडे आम्ही स्वतः एकदाही डोळे उघडून पाहिले नाही, ही होय.

गेल्या हिवाळ्यात कड्यात श्रवणयंत्राचा सेल घालून आम्ही पुन्हा सेवाग्रामास गेलो. ह्या वेळी काट्याकडे पाहण्यापूर्वी प्रत्येक चित्राचा अंदाज वहीत लिहिला. छत्तीसपैकी एकवीस वेळा अंदाज आणि काटा यांचे जमले. रोल उत्तम निघाला. झाडाखालची ती जागाही त्यात आहे. पानांतून गळणारे उन्हाचे कवडसेसुद्धा मोजून घ्यावेत इतके स्वच्छ.

जुन्या रोलातले एक चित्र आम्ही कडक कागदावर मोठ्या खटपटीने छापविले. त्यात एक हात, चष्म्याची कडा आणि सुताचा एक पांढरा धागा एवढेच दिसते. ते दिवाणखान्यात लावले आहे. पाहुणे विचारतात, ‘हे इतके काळे कसे?’ तेव्हा आम्ही कपाटातून वडिलांचा कॅमेरा काढतो आणि तळाचे वाटोळे झाकण उघडून दाखवितो.